हळदीची गोळी गुडघ्यापर्यंत पोचते का?

गणपतीत आत्या आमच्याकडे सांगलीला आली तेव्हा तिच्या पिशवीतून करंज्यांच्या डब्याबरोबर एक पांढरी बाटली निघाली. हळदीच्या कॅप्सूल. भिशीतल्या मैत्रिणीने सुचवलेल्या, सकाळी एक, रात्री एक. "तू औषधांच्या दुकानात बसतेस ना," ती म्हणाली, "मग मला एवढंच सांग, ही पोटात गेलेली हळद माझ्या गुडघ्यापर्यंत पोचते का गं?"

मी फार्मसी शिकले, इतकी वर्षं काउंटरला उभी आहे, पण इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. लोक विचारतात, कुठली कंपनी चांगली, किती दिवस घ्यायची, दुधाबरोबर चालेल का. हळद चांगली असते हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. गिळलेली गोष्ट पुढे जाते कुठे, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. आत्याला मी तेव्हा तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं, ते इथे सलग लिहिते आहे.

आधी आम्ही बाटलीवरचं लेबल वाचलं. दोघींनी चष्मे लावले, कारण कामाचा मजकूर तिथे नेमका बारीक अक्षरांत असतो. पुढच्या बाजूला मोठ्ठं हळकुंड आणि "शुद्ध हळद". मागे मात्र लिहिलं होतं: हळदीचा अर्क ५०० मिलिग्रॅम, त्यात ९५ टक्के करक्युमिनॉइड. त्याखाली, पायपरिन ५ मिलिग्रॅम.

इथेच पहिला घोळ होतो. हळद आणि करक्युमिन ही एक गोष्ट नव्हे. करक्युमिन आणि त्याची दोन सख्खी भावंडं, म्हणजे करक्युमिनॉइड, हा हळदीचा पिवळा रंग. वाळलेल्या हळदीत तो वजनाच्या साधारण ३ टक्के असतो. जातीप्रमाणे, जमिनीप्रमाणे हे प्रमाण कमी-जास्त होतं. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीत ते ६ टक्क्यांच्या वर जातं, मेघालयातल्या लाकाडाँग हळदीत ७ टक्के आणि त्याहूनही जास्त भरतं. उरलेली हळद म्हणजे पिष्ट, तंतू, ओलावा आणि तिला वास देणारं तेल.

आता हिशोब करू. आत्याच्या एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम करक्युमिनॉइड, दिवसाला दोन म्हणजे ९५०. एवढा रंग घरच्या हळदीतून मिळवायचा तर दिवसाला ३० ग्रॅमच्या वर हळद खावी लागेल. चहाचा चमचा सपाट भरला तर त्यात साधारण ३ ग्रॅम हळद बसते. म्हणजे रोज दहा चमचे. आत्याने हे ऐकलं आणि बाटली टेबलावर ठेवली. "अगं, दहा चमच्यांत आपली महिन्याभराची आमटी होईल!" आमटीचं गणित तिने जरा ताणलं, पण मुद्दा तिला पोचला. "आपले पूर्वज हळद खातच होते" हे वाक्य या कॅप्सूलला लागू होत नाही. पूर्वजांनी हळद खाल्ली. हा अर्क कुणी खाल्ला नव्हता.

दुकानात याच्या उलटही दिसतं. काही बाटल्यांत अर्क नसतोच, नुसती हळदपूड कॅप्सूलमध्ये भरलेली असते. ५०० मिलिग्रॅमच्या अशा कॅप्सूलमध्ये करक्युमिन असतं १५ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे भाजीच्या एका फोडणीतून मिळतं त्याहून कमीच. दोन्ही बाटल्यांवर चित्र तेच, "५०० मिलिग्रॅम" हा आकडाही तोच, आणि आत तीसपटीचा फरक. म्हणून गिऱ्हाइकाने बाटली हातात घेतली की मी ती उलटी करून मागची बाजू वाचायला सांगते.

पाण्याशी न जमणारा रंग

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात एक साधी गोष्ट करून पाहिली. एका काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, पाव चमचा हळद घातली, ढवळलं. पिवळं झालं खरं, पण दहा मिनिटांत हळद तळाशी बसली आणि वर फिकट पिवळं पाणी राहिलं. मग पळीत दोन चमचे तेल कोमट करून त्यात तेवढीच हळद घातली. तेल स्वतःच सोनेरी झालं, आणि पूड तळाशी बसल्यावरही ते सोनेरीच राहिलं. करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. आपण फोडणीत तेल तापल्यावर हळद टाकतो तेव्हा आमटीवरचा तवंग पिवळा होतो, तो याच कारणाने.

आता आतड्यातलं सगळं कामकाज पाण्यात चालतं. जे विरघळत नाही ते आतड्याच्या भिंतीला नीट लागतच नाही, वाहत पुढे निघून जातं. हा पहिला अडथळा.

दुसरा अडथळा प्रत्येक घरात कपडे धुताना दिसतो. पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचा डाग पडला आणि त्यावर साबण लावला की डाग लाल होतो. साबण अल्कधर्मी असतो आणि अल्कधर्मी पदार्थ लागला की करक्युमिनचा रेणू बदलतो. जुन्या पद्धतीने हळदीपासून कुंकू करतात तेव्हा तिला टाकणखाराची जोड देऊन लाल करतात, त्यामागेही या रेणूचा असाच बदलता स्वभाव आहे. आणि तोच सदरा उन्हात वाळत घातला की डाग फिका पडतो, कारण प्रकाशातही हा रेणू तुटतो. असा हा नाजूक जीव. जठरातल्या आम्लात तो बरा टिकतो, पण लहान आतड्यात वातावरण अल्कधर्मी व्हायला लागतं. १९९७ साली झालेल्या एका प्रयोगात शरीराच्या तापमानाच्या, किंचित अल्कधर्मी द्रावणात ठेवलेलं करक्युमिन अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के नष्ट झालं होतं. रक्तातली प्रथिनं सोबत असली तर ते बऱ्यापैकी जास्त टिकतं, पण रक्तापर्यंत आधी पोचायला तर हवं.

आमच्या जवळच्या हरिपूरला जमिनीखाली खोल पेवं खणून त्यात हळद साठवायची पद्धत होती. अंधारात, कोरड्यात, हवा न लागता ती वर्षानुवर्षं रंग धरून राहायची. जी हळद पेवात वर्षं काढते तिचा रंग अशा कोमट द्रावणात तासभरही धड टिकत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

तिसरा अडथळा सगळ्यात मोठा. जे थोडं करक्युमिन आतड्याच्या भिंतीतून आत शिरतं, त्याला तिथल्या पेशीच पकडतात. ग्लुक्युरॉनिक आम्ल नाहीतर सल्फेट असा एक तुकडा त्याला चिकटवतात. हा तुकडा म्हणजे जणू "बाहेर काढा" असा शिक्का. शिक्का बसला की रेणू पाण्यात सहज विरघळतो आणि पित्तातून, लघवीतून बाहेर टाकणं सोपं होतं. आतड्यातून निसटलेल्या करक्युमिनवर यकृतात तोच शिक्का बसतो. १९७८ साली स्वीडनमध्ये उंदरांना करक्युमिन देऊन पाहिलं तेव्हा त्यातलं सुमारे ७५ टक्के विष्ठेत सापडलं. माणसांचं चित्र फार वेगळं नाही. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा निरोगी माणसांना एकदम १० आणि १२ ग्रॅम करक्युमिन दिलं होतं. आत्याच्या कॅप्सूलच्या हिशोबाने वीस-पंचवीस कॅप्सूल एका दमात. त्या बारांपैकी एकाच्याच रक्तात मोकळं करक्युमिन मोजता आलं. बाकीच्यांच्या रक्तात होतं ते शिक्का बसलेलं.

हे ऐकून आत्या हळहळली. "म्हणजे सगळं वायाच म्हण की." मला तसं वाटत नाही. झाडपाल्यातून रोज शेकडो अनोळखी रसायनं आपल्या पोटात जातात. आतडं आणि यकृत त्यांना ओळखून, शिक्का मारून बाहेर काढतात म्हणून आपण वांगी, मेथी, कारली बिनधोक खातो. करक्युमिनच्या बाबतीत शरीर चुकत नाही. ते नेमून दिलेलं काम चोख करतं आहे. पुढे मिऱ्यांचं जे सांगणार आहे ते याच कामात हात घालण्याचं आहे, म्हणून हे लक्षात असू द्या.

मिरी आणि २००० टक्के

हळदीच्या जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत एक आकडा असतो: मिरीमुळे हळदीचं शोषण २००० टक्क्यांनी वाढतं. हा आकडा खरा आहे. तो बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केला. त्यांनी मोजक्या निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम करक्युमिन दिलं, एकदा नुसतं आणि एकदा २० मिलिग्रॅम पायपरिनबरोबर. पायपरिन म्हणजे मिरीचा तिखटपणा ज्यात आहे ते द्रव्य. ते मिरीत साधारण ५ ते ९ टक्के असतं. नुसतं करक्युमिन घेतल्यावर रक्तात ते सापडलंच नाही किंवा अगदी नाममात्र सापडलं. पायपरिनबरोबर घेतल्यावर पहिल्या तासाभरात पातळी कितीतरी वर गेली. एकूण हिशोब वीस पटीचा निघाला. उंदरांत मात्र हीच वाढ १५४ टक्के होती.

पण वीस पट कशाच्या? खिशात पाच पैसे असणाऱ्याकडे एक रुपया आला तर त्याची संपत्ती वीस पट होते. चहा मात्र येत नाही. त्या अभ्यासात पायपरिनबरोबरची सर्वोच्च पातळी होती मिलिलिटरमागे ०.१८ मायक्रोग्रॅम. माणसाच्या अंगात रक्तद्रव, म्हणजे रक्तपेशी सोडून उरलेला पातळ भाग, साधारण ३ लिटर. गुणाकार केला तर सर्वोच्च क्षणाला सगळ्या रक्तद्रवात मिळून अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास करक्युमिन होतं. गिळलं होतं २००० मिलिग्रॅम. आणि ही पातळीही टिकली नाही, तासाभरानंतर उतरली. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर करक्युमिन टाकून "कर्करोगाच्या पेशी मेल्या" असे जे निष्कर्ष येतात, त्यांत बहुतेक वेळा याच्या दहा-वीस पट प्रमाण वापरलेलं असतं. त्या बशीवरून आपल्या शरीराबद्दल काही ठरवणं म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं.

बशीतल्या प्रयोगांचा आणखी एक घोटाळा आहे. करक्युमिन स्वतः चमकतं, रंगीत असतं, अनेक प्रथिनांना चिकटतं. त्यामुळे एखादी चाचणी प्रकाशाच्या चमकेवरून निकाल देत असेल तर करक्युमिन तिला फसवतं, औषधाचा परिणाम नसतानाही असल्यासारखं दिसतं. औषधरसायनाच्या अभ्यासकांनी २०१७ साली या सगळ्याचा सविस्तर आढावा घेतला आणि म्हटलं की १२० च्या वर मानवी चाचण्या होऊनही करक्युमिनला खणखणीत यश मिळालेलं नाही. त्यांचं म्हणणं मला थोडं जास्तच कडक वाटतं. का, ते पुढे सांगते.

आधी पायपरिन नेमकं काय करतं ते पाहू, कारण दुकानात उभं राहून मला खरी काळजी त्याचीच वाटते. पायपरिन हळदीला मदत करत नाही. ते शिक्का मारणाऱ्यांचे हात धरतं. आतड्यातली आणि यकृतातली शिक्का मारणारी विकरं (एन्झाइम), औषधं मोडणारी विकरं, आत आलेल्या रेणूला परत बाहेर ढकलणारे पेशीतले पंप, या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. पहारा ढिला पडला की करक्युमिन आत शिरतं. पण पहारा फक्त करक्युमिनपुरता ढिला पडत नाही. फिट्सवर देतात ते फेनिटॉइन, रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल, दम्यावरचं थिओफिलिन, या औषधांची रक्तातली पातळी पायपरिनमुळे वाढते हे माणसांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. डॉक्टरांनी डोस ठरवलेला असतो पहारा जागेवर आहे असं धरून.

हीच युक्ती विचारपूर्वक वापरली तर औषध होते, याचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेने आयुर्वेदातल्या त्रिकटूवरून, म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळीवरून धागा पकडला आणि क्षयरोगाच्या औषधात पायपरिन घालून पाहिलं. त्यातून २००९ साली बाजारात आलेल्या कॅप्सूलमध्ये रिफाम्पिसिन नेहमीच्या ४५० मिलिग्रॅमऐवजी २०० मिलिग्रॅमच ठेवता आलं. तिथे पायपरिन किती आहे? १० मिलिग्रॅम. आत्याच्या दोन कॅप्सूलमध्ये मिळून किती होतं? तेवढंच. एका ठिकाणी ते एका तगड्या औषधाचा डोस निम्म्याच्या खाली आणतं, म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं. दुसऱ्या ठिकाणी भिशीत सुचवलं जातं.

मग मी आत्याला विचारलं, जे खरं तर पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. "तुझी व्हॉल्व्हची गोळी चालू आहे ना?" चालू होती. आठ वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची झडप बदलली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी ती रोज संध्याकाळी घेते. न्यूझीलंडमध्ये वॉरफरिनवर नीट स्थिरावलेल्या एका रुग्णाने हळदीचं उत्पादन सुरू केल्यावर काही आठवड्यांतच त्याचा आयएनआर १० च्या वर गेला होता. तिथल्या औषध नियंत्रकांनी २०१८ साली त्यावरून जाहीर इशारा दिला. आयएनआर म्हणजे रक्त किती पातळ झालं आहे त्याचा आकडा. झडप बदललेल्यांचा तो साधारण अडीच ते साडेतीनमध्ये ठेवतात. १० म्हणजे कुठेही, मेंदूतसुद्धा, रक्तस्राव होऊ शकतो. आत्याच्या बाटलीवर याबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि ती विकणाऱ्याने तिला दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, हे विचारलं नव्हतं. त्या रात्रीपासून कॅप्सूल बंद केल्या.

नव्या तऱ्हेच्या गोळ्या

पायपरिन नको असेल तर बाजारात दुसरे मार्ग आहेत. करक्युमिनला लेसिथिनसारख्या स्निग्ध पदार्थात गुंडाळतात, त्याचे अतिसूक्ष्म कण करतात, मेथीच्या तंतूंत बसवतात, हळदीच्याच तेलात परत मिसळतात. केरळात मसाल्यांचे अर्क काढणारा मोठा उद्योग आहे आणि यातलं बरंच काम तिथेही झालं आहे. हे मार्ग पहारा ढिला करण्याऐवजी विरघळण्याची अडचण सोडवतात, म्हणून मला ते जास्त सरळ वाटतात. पण त्यांच्या जाहिरातीतले "२७ पट", "४५ पट", "१८५ पट" हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

कारण मोजणीतच मेख आहे. रक्ताचा नमुना घेतला की बऱ्याच अभ्यासांत त्यात आधी एक विकर घालतात. ते शिक्का बसलेल्या करक्युमिनवरचा शिक्का काढून टाकतं, आणि मग जे दिसतं ते सगळं "करक्युमिन" म्हणून मोजलं जातं. गावात किती पाहुणे मुक्कामाला आहेत हे मोजताना परतीच्या एसटीत बसलेलेही धरावेत, तसं हे होतं. शिक्का बसलेलं करक्युमिन बहुतेक प्रयोगांत बरंच कमी क्रियाशील दिसतं. शिवाय हे "पट" साध्या करक्युमिनच्या तुलनेत सांगतात, आणि ते तर शून्याच्या शेजारी असतं. कुठल्याही कंपनीच्या माणसाला मी आता विचारते, मोकळं किती मिळालं? बहुतेक वेळा उत्तर एकूण आकड्याचंच येतं.

जिथे हळद थेट लागते

आता त्या कडक आढाव्याशी माझं का पटत नाही ते. शोषण हा अडथळा रक्तातून लांब जायचं असेल तेव्हाचा आहे. जिथे हळद थेट लागते तिथे त्याचं काय? पडल्यावर, खरचटल्यावर आईने जखमेवर हळद दाबली नाही असं घर आपल्याकडे नसेल. तिथे ना आतडं मध्ये येतं, ना यकृत. जखमेवर हळद लावण्याच्या याच वापरावर १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकेत पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील पुरावे पुढे करून त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. आपल्याला त्या लढाईचा अभिमान आहेच. पण ती हळद त्वचेवर लावायची होती, गिळायची नव्हती, हे त्या अभिमानात आपण विसरतो.

पोटाच्या आतली भिंतही तशी थेट लागण्याचीच जागा. जपानमध्ये २००६ साली अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण असणाऱ्या ८९ रुग्णांवर एक चांगली चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीच्या औषधाबरोबर काहींना रोज २ ग्रॅम करक्युमिन, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी. सहा महिन्यांत आजार पुन्हा उफाळला तो करक्युमिनच्या गटात ४३ पैकी दोघांचा, दुसऱ्या गटात ३९ पैकी आठ जणांचा. थायलंडमध्ये २०२३ साली अपचनाच्या रुग्णांवर करक्युमिन आणि आम्लपित्ताचं ओमेप्राझोल यांची तुलना केली, आराम जवळजवळ सारखा निघाला. नुसती पोकळ गोळी घेणारा गट त्यात नव्हता ही उणीव आहे, पण दिशा कळते. रक्तात न शोषलं जाणं इथे आड येत नाही. करक्युमिन आतड्यात राहतं आणि आतड्याचंच काम असतं.

आणि गुडघा?

आत्याला शेवटी तिच्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. पोचते, पण अगदी कणभर, आणि तीही बहुतांशी शिक्का बसलेली. तरी गुडघेदुखीवरच्या बऱ्याच छोट्या चाचण्यांत थोडा आराम दिसतो. ऑस्ट्रेलियात टास्मानियामध्ये ७० जणांवर झालेली १२ आठवड्यांची चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. त्यात हळदीचा अर्क घेणाऱ्यांचं दुखणं पोकळ गोळीपेक्षा जास्त कमी झालं, १०० च्या मापावर साधारण ९ अंकांनी. पण एमआरआयमध्ये गुडघ्यातली सूज आणि पाणी मोजलं तर दोन्ही गटांत फरक नव्हता. आराम खरा आहे, लहान आहे, आणि तो कसा मिळतो हे अजून उलगडलेलं नाही. सुजलेल्या जागी शिक्का निघून करक्युमिन मोकळं होत असावं असा एक अंदाज आहे. आतड्यातले जिवाणू त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे कामाचे असावेत असा दुसरा.

हे आराम मिळवताना यकृताकडे लक्ष ठेवावं लागतं. शोषण वाढवणाऱ्या गोळ्या आल्यानंतर, कधी नव्हे ते, हळदीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या. इटलीत २०१९ मध्ये एकामागून एक कावीळसदृश रुग्ण सापडले आणि तिथल्या आरोग्य मंत्रालयाने बाटल्यांवर इशारा छापायला लावला. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदवहीत दहा रुग्ण आढळले. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, एकाचा मृत्यू झाला, आणि दहापैकी सात जणांत एकच विशिष्ट जनुकीय खूण होती. ऑस्ट्रेलियाच्या नियंत्रकांकडे जून २०२३ पर्यंत अशा १८ तक्रारी आल्या होत्या. लाखो लोक या गोळ्या घेतात, त्या मानाने हे आकडे फार लहान आहेत. पण ती जनुकीय खूण आपल्यात आहे की नाही हे घरी बसून कळत नाही. भूक मेली, अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर गोळी त्याच दिवशी थांबवून यकृताची तपासणी करायची. डोळे पिवळे झाले तर ते हळदीच्या रंगाने नव्हे. एक बाई दुकानात तसं समजून आणखी पंधरा दिवस गोळ्या घेत राहिल्या होत्या, म्हणून लिहिते.

रंग म्हणून खाण्यातल्या करक्युमिनची जागतिक तज्ज्ञ समितीने ठरवलेली रोजची मर्यादा आहे वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम. आत्याचं वजन ६२ किलो, म्हणजे १८६. ती घेत होती ९५०. मर्यादा ओलांडली की लगेच विष होतं असं नाही, तो आयुष्यभर रोज खाण्याचा सुरक्षित हिशोब आहे. तरी पाचपट म्हणजे पाचपट. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी, पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी, यकृताचा आजार असणाऱ्यांनी, फिट्सची किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं घेणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी डॉक्टरांना बाटली दाखवल्याशिवाय ही कॅप्सूल सुरू करू नये. शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधीच सांगावं. "हळदच तर आहे" म्हणून ती औषधांच्या यादीतून वगळली जाते, म्हणून डॉक्टरांना कळत नाही.

घरच्या हळदीला यातलं काही लागू नाही. दुधातली अर्धा चमचा हळद आणि चिमूटभर मिरपूड यात करक्युमिन असतं पन्नासेक मिलिग्रॅम, पायपरिनही थोडंच. घसा शेकतो, झोप चांगली लागते, दूध पोटात जातं. एवढ्यासाठी ते प्यावं.

आत्याचा आयएनआर पुढच्या महिन्यात करायचा होता, तो आम्ही विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी केला. ३.९ आला. एरवी तिचा तीनच्या आत असतो. तो कॅप्सूलमुळेच वाढला असं मी म्हणणार नाही, सणाचं खाणं बदललं होतं, पालेभाज्या कमी झाल्या होत्या. तिच्या डॉक्टरांना फोनवर बाटलीवरचा मजकूर वाचून दाखवला. त्यांनी एक दिवस गोळी चुकवायला आणि आठवड्याने पुन्हा तपासायला सांगितलं. आठवड्याने २.८ होता. गुडघ्यासाठी त्यांनी मांडीचे व्यायाम लिहून दिले आहेत, खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा आकडे धरायचा, दिवसातून तीनदा. आत्या ते करते आहे. उरलेली बाटली अजून माझ्या दुकानाच्या खणात आहे. कुणी हळदीच्या गोळ्या मागायला आलं की मी ती काढते, उलटी करते, आणि आधी विचारते, तुमची दुसरी कुठली औषधं चालू आहेत?